‘ओकॅरिना ऑफ टाइम’: आधी बटण, मग गोष्ट

रानपाखरू (धागाकर्ती)

झेल्डा मालिकेतला ‘ओकॅरिना ऑफ टाइम’ (ओकॅरिना म्हणजे फुंकून वाजवायचं एक छोटं वाद्य) हा व्हिडिओ गेम परत एकदा शेवटपर्यंत खेळून झाला आणि डोक्यात एकच विषय घोळतोय, म्हणून हा धागा. निन्टेन्डो 64 वर नोव्हेंबर 1998 मध्ये आलेला हा गेम. त्यावर बोलणारे एक तर गोष्टीबद्दल बोलतात, म्हणजे जंगलातला पोरगा लिंक, राजकन्या, वाळवंटातला दुष्ट राजा, सात ऋषी. नाही तर रचनेबद्दल, म्हणजे कॅमेरा, डंजन (कोड्यांनी भरलेल्या गुहा-मंदिरं), बॉस (डंजनच्या शेवटचा मोठा शत्रू), झेड बटणाने शत्रूवर नजर खिळवणं. दोन्हींची सांगड घालून फारसं कुणी बोलत नाही. मला वाटतं, या गोष्टीतल्या सगळ्यात हळव्या जागा तांत्रिक अडचणी सोडवताना सापडल्यात, आणि म्हणूनच त्या वरून चिकटवल्यासारख्या वाटत नाहीत.

नावी या परीचंच घ्या. ‘सुपर मारिओ 64’ (1996) करताना निन्टेन्डोच्या लोकांना त्रिमितीतली एक कटकट कळली होती. पाटी वाचायची तर मारिओला बरोबर तिच्यासमोर उभं करावं लागतं, आणि तो नेमका आजूबाजूला घिरट्या घालत बसतो. पाटीची ही गत, तर तलवारबाजीचं काय होणार? 2011 मध्ये 3डीएसवर, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्रावर, गेमची नवी आवृत्ती आली तेव्हा कंपनीचे त्या वेळचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी मूळ चमूशी गप्पा मारल्या होत्या, त्यात पुढचा किस्सा आहे. तोरु ओसावा, योशिआकी कोइझुमी वगैरे मंडळी क्योतोच्या तोएई स्टुडिओ पार्कमध्ये गेली होती. तिथे निन्जा आणि सामुराईंच्या लढाईचा प्रयोग चालू होता. सामुराईला सगळ्यांनी घेरलेलं, पण अंगावर एका वेळी एकच जण येतो. साखळीला विळा बांधलेल्या निन्जाची साखळी सामुराईच्या हातात अडकते, ताणली जाते, आणि निन्जा तिच्या टोकाला त्याच्याभोवती गोल फिरायला लागतो. झेड बटण दाबल्यावर लिंक शत्रूभोवती जसा फिरतो, ते हेच.

आता नजर कुणावर खिळली आहे हे दाखवायला पडद्यावर काहीतरी खूण हवी. नुसता बाण कोइझुमींना रुचेना. त्यांना छोटीशी परी करायची होती, पण यंत्राची ताकद कमी, म्हणून उरला एक प्रकाशाचा गोळा आणि दोन पंख. ओसावांनी तिला नाव दिलं आणि मग गोष्टीची चक्रं फिरली. परी आहे तर परीवाल्या मुलांचं गाव असू दे. प्रत्येकाला आपापली परी. आणि एकच मुलगा असा, ज्याच्याकडे परी नाही.

कोकिरी गावातलं लिंकचं एकटेपण एका दिशादर्शक खुणेतून आलं. हे वाचल्यापासून मी त्या गावातून फिरताना वेगळ्याच नजरेने बघते.

दुसरं उदाहरण लहान लिंकचं. गेम तयार होत असताना बराच काळ फक्त मोठा लिंक होता. मग मालिकेचे जनक शिगेरु मियामोतो यांना छोटा लिंकही हवासा वाटला. एकाच गेममध्ये दोघं बसवायचे कसे, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मास्टर सोर्ड: तलवार उपसली की सात वर्षं पुढे, परत ठेवली की सात वर्षं मागे. गेमचा सगळा विषादच या सात वर्षांत आहे.

तुम्हाला अशा आणखी जागा दिसतात का? किंवा हे पटत नसेल तर का नाही?

कोयनाकाठ

वाचतोय, छान सुरुवात. मी हा गेम खेळलेलो नाही. आमच्या घरी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला डबा होता, त्यावर मारिओ आणि बदकं मारायची, तिथेच आमची मजल संपली. 64 कुणाच्या घरी पाहिल्याचंही आठवत नाही. गोष्ट थोडक्यात सांगाल का? रहस्य फुटलं तरी चालेल. आणि आज खेळायचा तर कुठे मिळेल?

रानपाखरू

@कोयनाकाठ, नक्की खेळा. निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राच्या ऑनलाइन सदस्यत्वात जो एक्स्पान्शन पॅक असतो, त्यात मूळ आवृत्ती आहे. जुना 3डीएस कुणाकडे मिळाला तर सोन्याहून पिवळं, ती आवृत्ती नवख्याला सोपी जाते.

गोष्ट अशी. जंगलातला डेकू वृक्ष हा कोकिरी मुलांचा पालक. त्याच्यावर शाप पडलाय. तो नावीला पाठवून लिंकला बोलावतो, लिंक त्याच्या पोटात शिरून शाप घालवतो, तरी वृक्ष मरतो. मरताना एक पाचू देतो आणि राजवाड्यात पाठवतो. तिथे राजकन्या झेल्डा खिडकीतून गॅनॉनडॉर्फवर नजर ठेवून असते. तो ट्रायफोर्स या पवित्र शक्तीच्या मागे आहे, त्याच्या आधी आपण पोचायला हवं, असा तिचा बेत. लिंक आणखी दोन रत्नं मिळवतो, काळाच्या मंदिराचं दार उघडतो, तलवार उपसतो. त्या तलवारीचा धनी व्हायला तो फार लहान आहे, म्हणून सात वर्षं त्याला निजवून ठेवतात. आणि उघड्या दारातून गॅनॉनडॉर्फ आत शिरतो.

इथेच या गेमची सगळ्यात धाडसी चाल आहे. तीन वस्तू गोळा करा, दार उघडा, तलवार मिळवा हा साहसकथांचा ठरलेला साचा. आपण तो डोळे मिटून पाळतो, कारण गेममध्ये असंच करायचं असतं हे आपल्याला पाठ असतं. आणि खलनायकाची सगळी भिस्त आपल्या त्याच सवयीवर असते. तलवारीला हात घातला की गॅनॉनडॉर्फ येऊन आपले आभार मानतो.

तटबंदी

धागा चांगला आहे, पण मी थोडं विरुद्ध बाजूने लिहितो.

जन्मकथा ऐकायला गोड लागतात. खेळताना मात्र जे हाताला येतं तो साचाच आहे, आणि तो 1991 च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये जवळपास पुरा घडलेला होता. आधी तीन वस्तू, मग मास्टर सोर्ड, मग जग पालटतं, मग डंजनांची रांग. प्रत्येक डंजनमध्ये नकाशा, होकायंत्र, छोट्या किल्ल्या, मोठी किल्ली, मध्यावर एक नवीन हत्यार, आणि शेवटी त्याच हत्याराने मरणारा बॉस. डोडोंगोच्या गुहेत बॉम्बची पिशवी मिळाली की समजायचं, शेवटच्या राक्षसाच्या तोंडात बॉम्बच टाकायचाय. जाबू-जाबू माशाच्या पोटात बूमरँग मिळालं की बॉसही बूमरँगचाच. अग्निमंदिरात हातोडा, तर बॉसच्या डोक्यावर हातोडा. तिसऱ्या डंजननंतर नवल उरत नाही.

आणि गोष्ट? निवडलेला वीर, पळवलेली राजकन्या, अंधाराचा राजा. परीची खूण कुठून आली हे माहीत नसलेल्या खेळाडूला यात नवीन काय दिसणार?

पिक्सेलवाला

@तटबंदी, मी पुण्यात मोबाइल गेमच्या लेव्हल बनवतो, त्यामुळे साच्याची बाजू मला घ्यावीच लागेल.

हत्यार आणि बॉसची जोडी ठरलेली आहे हे खरं. पण ती ठरलेली आहे म्हणूनच मधली वाट मोकळी मिळते. डेकू वृक्षाच्या पोटातली एकच जागा बघा. आत शिरल्याबरोबर तळमजल्याच्या मधोमध जमिनीत भोक आणि त्यावर कोळ्याचं जाडजूड जाळं. त्यावर उभं राहिलात तर ते जरासं दबतं, पण तुटत नाही. तलवारीने तुटत नाही. मग तुम्ही भिंतीला धरून वर जाता. दुसऱ्या मजल्यावर गलोल मिळते, तिने भिंतीवरचे कोळी पाडता, वेलींवरून आणखी वर चढता. तिसऱ्या मजल्यावर पोचून कठड्यावरून खाली बघता तर ते जाळं बरोबर पायाखाली, खूप खोल. आणि लक्षात येतं: उडी मारायची. लिंक स्वतः जातो, जाळं फाटतं, आणि तो तळघरातल्या पाण्यात पडतो.

यात किती गोष्टी शिकवल्यात बघा. उंची हे हत्यार आहे. आधी पाहिलेली जागा नंतर वेगळी दिसते. सपाट पडद्यावरच्या झेल्डात ही खोली शक्यच नव्हती. आणि हे सगळं न सांगता. उडीसाठी बटणही नाही. कडेवरून धावत गेलं की लिंक आपोआप झेपावतो, म्हणजे हात शिकवण्यात वेळ गेला नाही, नजर शिकवण्यात गेला. 1998 मध्ये बहुतेक खेळाडूंसाठी त्रिमिती नवी होती. ही एक उडी मारून माणूस त्रिमितीत विचार करायला लागतो. नवीन मुलांना लेव्हल बनवायला शिकवताना मी अजूनही हीच खोली उघडून दाखवतो.

अरण्यमंदिरातला पिळलेला बोळ असाच. सरळ बोळ असताना ज्या दाराने गेलो, पिळल्यावर तेच दार भलत्याच खोलीत उघडतं. तिथल्या चार भुतं-बहिणींनी मशालींच्या ज्योती पळवलेल्या असतात, त्या परत आणल्याशिवाय मधली लिफ्ट हलत नाही. साचा तोच, किल्ली-हत्यार-बॉस. पण दोन्ही जागांमध्ये साम्य काय? काहीच नाही.

तटबंदी

उडीबद्दल अनुमोदन. ती खोली उत्तम आहे. पण ती रचना झाली. गोष्टीचं काय?

सांजवेळ

@तटबंदी, गोष्ट रचनेच्या पोटात आहे, म्हणून ती संवादांत शोधली तर सापडणार नाही. लॉन लॉन रँचचा प्रसंग घ्या.

लहानपणी तिथे मॅलॉन नावाची मुलगी गाणं म्हणत असते, आपण ते ओकॅरिनावर वाजवलं की एपोना हे शिंगरू जवळ येतं. सात वर्षांनी जातो तर मालक टॅलॉनला हाकलून नोकर इंगो मालक होऊन बसलाय. तो पैज लावतो: शर्यत जिंकून दाखव. जिंकलो. तो चिडतो, आणखी एक शर्यत, घोडी पणाला. तीही जिंकली. मग तो फाटक लावून घेतो. घोडी तुझी, पण इथून बाहेर पडायचं नाही.

पडद्यावर कसलीच सूचना येत नाही. तुम्ही घोडीवर बसून कुंपणाच्या आत फेऱ्या मारता. मग कधीतरी वेग धरून भिंतीच्या दिशेने सुटता, आणि एपोना भिंतीवरून उडी घेते. बाहेर मोकळं मैदान.

घोडा वेगात असला की कुंपण ओलांडतो हा गेमचा एक नियम. तो नियम कळतो त्याच क्षणी सुटका होते. मॅलॉनचं गाणं, इंगोचा लोभ, घोडीची ओळख, सगळं त्या एका उडीत येतं. हे संवादातून सांगितलं असतं तर दोन मिनिटांत विसरलो असतो.

सात वर्षांनंतरच्या जगात अशा जागा पेरून ठेवल्यात. गजबजलेल्या बाजारात फक्त प्रेतं उभी आहेत, माणसं काकारिको गावात आसऱ्याला गेलीत. झोरांचं, म्हणजे पाण्यातल्या लोकांचं, राज्य गोठून बर्फ झालंय. गोरॉनांच्या, म्हणजे डोंगरातल्या लोकांच्या, गावात एकच पोर चेंडूसारखं गडगडत फिरतंय. त्याला थांबवलं तर कळतं की बापाने तुमच्या पराक्रमाची आठवण म्हणून त्याचं नाव तुमच्याच नावावरून ठेवलंय. आणि तो बाप, डारुनिया, अग्निमंदिरात आपल्या माणसांना सोडवायला एकटा गेलाय. तुम्ही झोपला होतात त्या काळात लोक जगत होते, ही जाणीव फार कमी गेम देतात.

मंद्रसप्तक

मी बासरी शिकवतो, म्हणून मी सुरांच्या बाजूने लिहितो. या गेमचं सगळं गाणं पाच बटणांवर उभं आहे आणि ते फार विचार करून केलंय.

ओकॅरिनाचे पाच स्वर: डी, एफ, ए, बी आणि वरचा डी. खालच्या डीला सा धरलं तर सा, कोमल ग, प, शुद्ध ध आणि तार सा. शिवरंजनीतला रिषभ काढून टाकला की हेच उरतं. आता गाणी बघा. यातली सहा गाणी तीन स्वरांची, तेच तीन स्वर दोनदा. झेल्डाची अंगाई: ध सां प. एपोनाचं गाणं: सां ध प. तेच तीन स्वर, नुसता क्रम बदलला. एकात राजवाड्याचं गांभीर्य आणि दुसऱ्यात कुरण. सारियाचं गाणं ग प ध, चढत जाणारं, नाचरं. वादळाचं गाणं सा ग सां, खालून एकदम वर झेप, आणि बाहेर खरोखर पाऊस पडायला लागतो.

अंगाईची साथ ऐका. खाली ‘जी’ हा स्वर घट्ट धरलाय, त्यामुळे मनातला सा तिकडे सरकतो आणि तेच तीन स्वर ग प रे असे लागतात. कोमल गंधाराचं दुखणं जाऊन सगळं उजळतं. संगीतकार कोजी कोंदो यांनी ही अंगाई 1991 च्या गेममधूनच आणली होती. तिच्या सुरुवातीचे स्वर या पाच बटणांत बसतात, आणि सहा स्वर वाजवून झाले की पुढची चाल गेम स्वतः पुरी करतो.

अजून एक, हे फार लोकांना माहीत नसतं. वाजवताना कंट्रोलरची काठी वरखाली केली की स्वर वाकतो, बाजूला हलवली की कंपन येतं, आर बटणाने स्वर अर्धा चढतो, झेडने अर्धा उतरतो. म्हणजे मींड आहे, आंदोलन आहे आणि मधले बरेचसे स्वरही आहेत. गोष्टीसाठी यातलं काहीच लागत नाही. तरी करून ठेवलंय. ज्याला नुसतं वाजवत बसायचंय त्याच्यासाठी खरं वाद्य दिलंय त्यांनी.

हायरूल, म्हणजे गेममधलं राज्य, त्याच्या मैदानावरचं संगीत आठ-आठ बारच्या (बार म्हणजे पाश्चात्त्य संगीतातलं छोटं आवर्तन) तुकड्यांत बांधलंय. हे तुकडे दर वेळी वेगळ्या क्रमाने येतात, म्हणून मैदान कितीदाही ओलांडलं तरी कानाला कंटाळा येत नाही. लिंक उभा राहिला की चाल निवते, शत्रू जवळ आला की ताणते.

पिक्सेलवाला

@मंद्रसप्तक, शिवरंजनीचं कधी सुचलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

वादळाच्या गाण्यावरून: ते गाणं मुळात रचलं कुणी, हे कुणी सांगू शकेल का? मोठ्या लिंकला ते पवनचक्कीतला माणूस शिकवतो. तो संतापलेला असतो, कारण सात वर्षांपूर्वी एका पोराने येऊन हे गाणं वाजवलं आणि चक्की वेडीवाकडी फिरवली. मग लिंक ते शिकतो, सात वर्षं मागे जातो, आणि चक्कीत जाऊन तेच वाजवतो. तो पोरगा आपणच. गाणं गोल फिरतंय, त्याला उगम नाही.

सांजवेळ

उगम नाहीच, आणि गेम त्याचं स्पष्टीकरणही देत नाही. बरं केलं. चक्की फिरली की विहिरीचं पाणी आटतं आणि खाली जायची वाट मिळते. म्हणजे कोडं सुटल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि कोडं सोडवताना आपण कालचक्रात सापडतो.

आता माझी खरी तक्रार लिहिते, कारण नुसतं कौतुक करून चालणार नाही. शीक. सात वर्षांनंतरच्या जगात जागोजागी येऊन लिंकला गाणं शिकवणारा, वीणेसारखं वाद्य वाजवणारा, धूर करून नाहीसा होणारा योद्धा. शेवटी कळतं की शीक म्हणजे वेषांतर केलेली झेल्डाच. सात वर्षं ती गॅनॉनडॉर्फच्या नाकाखाली लपून राहिली, लढली, वाट दाखवत राहिली. आणि राजकन्येच्या वेषात आली रे आली की दुसऱ्या मिनिटाला स्फटिकात कैद! सगळी कमाई धुळीला. ‘राजकन्येला सोडवा’ हा संकेत गेमने सोडायला हवा होता, आणि ऐनवेळी हात आखडता घेतला.

तटबंदी

@सांजवेळ, मी हेच म्हणत होतो. साचा इथे गोष्टीला गिळतो.

रानपाखरू

निम्मं पटलं. कैद होणं मलाही खटकतं. पण पुढचं विसरू नका. प्रकाशबाण तीच देते. किल्ला कोसळत असताना लिंकच्या पुढे पळून एकेक जाळी तीच उघडते, आणि शेवटी गॅनॉनला (हे गॅनॉनडॉर्फचंच राक्षसी रूप) जागच्या जागी धरून ठेवते तेव्हाच लिंकला शेवटचा घाव घालता येतो. तिच्याशिवाय शेवट होत नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक तिचीच आहे, हे गेम तिला कबूल करायला लावतो. दार उघडायचा बेत तिचा होता. ट्रायफोर्सच्या आधी पोचायच्या घाईत तिनेच गॅनॉनडॉर्फला वाट करून दिली. म्हणून ती शेवटी लिंकला त्याचं बालपण परत देते. वरून मिळालेलं बक्षीस म्हणून मी ते घेत नाही, ती भरपाई आहे.

उझुमासा_लोकल

क्योतोत राहतो, त्यामुळे धाग्यात शिरल्याशिवाय राहवलं नाही. तोएईचं ते पार्क उझुमासा भागात आहे, चित्रीकरणासाठी उभारलेली जुन्या एदो काळाची गल्ली आणि लढाईचे प्रयोग. लढाई बघताना रानपाखरू यांनी लिहिलेली गोष्ट लगेच कळते: मुख्य सामुराईला घेरलेले लोक हालचाल करत राहतात, दबा धरतात, पण पुढे एकच येतो. बाकीचे थांबतात ते प्रेक्षकाला दिसावं म्हणून. ओकॅरिनातही एकावर नजर खिळवली की उरलेले मागे सरतात. नाटकातली सोय थेट गेममध्ये आली.

मियामोतो लहानपणी क्योतोच्या वायव्येला सोनोबे गावात वाढले. तिथल्या डोंगरांत, गुहांत भटकण्याच्या आठवणींतून 1986 चा पहिला झेल्डा सुचला हे त्यांनी बऱ्याचदा सांगितलंय. त्या भागात फिरताना जाणवतं की हायरूलचं मैदान फार मोठं असायची गरज नव्हती. एक टेकडी ओलांडली की दुसरं काहीतरी, एवढंच लागतं.

ओकॅरिना सुरुवातीला एकाच किल्ल्यात घडवायचा विचार होता, मारिओ 64 सारखा, चित्रांतून वेगवेगळ्या जागी जायचं. त्या कल्पनेचा एक अवशेष अरण्यमंदिराच्या शेवटी आहे: घोड्यावरचा गॅनॉनचा भास भिंतीवरच्या चित्रांतून धावत येतो.

तटबंदी

ही माहिती आवडली. अजून एका संकेतावर बोलायला हवं: वाळवंटातले लुटारू. गेरुडो या सगळ्या बाया, सावळ्या, रेतीत राहणाऱ्या, चोरीवर जगणाऱ्या, आणि शंभर वर्षांत एकच पुरुष जन्माला येतो तो थेट खलनायक. पहिल्या आवृत्तीत त्यांच्या चिन्हावर चंद्रकोर आणि तारा होता, अग्निमंदिराच्या संगीतात प्रार्थनेसारखे सूर होते. पुढच्या आवृत्त्यांत दोन्ही बदललं. परकं म्हणजे धोकादायक, ही पाश्चात्त्य अद्भुतकथांची जुनी खोड जपानी हातांतूनही तशीच उतरली.

सांजवेळ

+१. नाबूरूमुळे थोडं सावरलंय. ती गेरुडोच, पण गॅनॉनडॉर्फच्या विरुद्ध उभी राहणारी, आणि शेवटी ऋषींपैकी एक. त्यांच्या गढीत पहारेकऱ्यांना चुकवत सुतारांना सोडवलं की त्या लिंकला आपल्यात घेतात, आणि मग त्याच गढीत बिनधास्त फिरता येतं. त्या क्षणी त्या माणसं वाटतात. पण गॅनॉनडॉर्फला स्वतःचं कारण मिळायला ‘द विंड वेकर’ (2002) यावा लागला, तिथे तो आपल्या देशातल्या मरण आणणाऱ्या वाऱ्याबद्दल बोलतो. ओकॅरिनात त्याला फक्त हाव आहे.

रानपाखरू

गेरुडोंबद्दल दोघांशी सहमत. तिथे माझा मुद्दा लागू पडत नाही. ते कुठल्या अडचणीतून आलेलं नाही, आयतं उचललेलं आहे, आणि नेमकी तीच जागा गेममध्ये सगळ्यात जुनाट वाटते.

न बोलणाऱ्या नायकाबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. लिंक बोलत नाही, ही मालिकेची रीत. खेळाडूने स्वतःला त्याच्या जागी ठेवावं म्हणून. पण जंगल सोडतानाचा पूल आठवा. सारिया तिथे उभी असते. तू जाणार हे मला माहीत होतं, तू आमच्यापेक्षा वेगळा आहेस, असं म्हणते आणि आपली ओकॅरिना त्याच्या हातात देते. कॅमेरा एकदा तिच्यावर, एकदा त्याच्यावर. त्याच्याकडे शब्द नाहीत. तो एकेक पाऊल मागे सरतो आणि वळून पळत सुटतो. रीत म्हणून जो मुका आहे, तो इथे मैत्रिणीचा निरोप घ्यायला शब्द न सापडलेला मुलगा होतो. पुढे ती अरण्याची ऋषी होते, म्हणजे लिंक मोठा होऊन परत येतो तेव्हा ती त्याच्या जगात राहू शकत नाही. तो निरोप शेवटचा होता, हे आपल्याला तेव्हा कळलेलं नसतं.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार, तुमच्यामुळे गेम घेतला आणि जोरात चालू आहे. जाळ्यावरची उडी स्वतःहून सुचली, इतका आनंद झाला की घरच्यांना बोलावून दाखवली. इंगोच्या भिंतीवरूनही उडालो.

एक घुबड मात्र डोकं फिरवतंय. लांबलचक सांगतं, आणि घाईत बटण दाबत गेलं की पहिल्यापासून परत सुरू होतं. हे कशासाठी?

आणि आता पाण्याच्या मंदिरात पुरता अडकलोय. मूळ आवृत्ती आहे. पाणी खाली केलं, मधे आणलं, वर नेलं, सगळी दारं हिंडलो, एक छोटी किल्ली कमी पडतेय. मदत करा.

पिक्सेलवाला

घुबडाचा हेतू वाट चुकू नये हा. पण परत ऐकायचं का, या प्रश्नावर बाण अशा उत्तरावर ठेवलाय की घाई करणारा हमखास फसतो. याचं समर्थन होऊ शकत नाही. शेवटची ओळ आली की थांबून बाण हलवत जा.

किल्लीचं उत्तर: मधला मनोरा. त्याच्या आत वरच्या मजल्यावर ट्रायफोर्सची खूण आहे, तिथे अंगाई वाजवून तुम्ही पाणी मधल्या पातळीवर आणलंत. पाणी चढतं तेव्हा मनोऱ्याच्या तळाशी असलेला एक ठोकळा तरंगत वर येतो आणि त्याच्याखालचं भोक उघडं पडतं. आपण तोवर वर बघत बाहेर पडतो, म्हणून ते दिसत नाही. परत आत जा, लोखंडी बूट घाला आणि त्या भोकातून खाली उतरा. खोलीतले काटेरी शत्रू संपवले की जाळी उघडते, पलीकडच्या पेटीत किल्ली आहे. जगभरातले लोक इथेच अडकायचे. 3डीएसच्या आवृत्तीत त्यांनी मुद्दाम कॅमेरा फिरवून ते भोक दाखवलं, आणि पाण्याची पातळी बदलायच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत खुणाही घातल्या.

रानपाखरू

भर घालते: मूळ आवृत्तीत बूट बदलायला दर वेळी गेम थांबवून मेनू उघडावा लागतो, तेवढा धीर धरा. 3डीएसवर बूट बटणावर ठेवता येतात. किल्ली मिळाली की पुढे उथळ पाण्याची एक मोठी, धुक्याने भरलेली खोली लागेल, मधोमध बेटावर एक वाळकं झाड. पलीकडच्या दारापर्यंत सरळ चालत जा, ते बंद असेल. मग मागे वळून झाडाकडे बघा. तिथे उभ्या असलेल्या काळ्या लिंकशी लढताना तलवार खुपसण्याचा वार टाळा, हातोडा जास्त कामाला येतो.